सरळ चाकाचा इतिहास

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं टायरवर बोलायचं म्हटल्यावर काहीजण करमणुकीसाठी आले असतील. त्यांचंही स्वागत. (हशा) पण विषय मी गंभीरपणे निवडलाय. जुन्या गाडीचं पुढचं टायर एकाच बाजूनं खातं, आपण अलाइनमेंट करून घेतो, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. हे का होतं, आणि चाक ‘सरळ’ आहे की नाही हे माणूस आजवर कसं ओळखत आला, त्याचा हा इतिहास आहे.

सुरुवात बैलगाडीपासून करू, कारण कोरेगावात चाकाचा इतिहास दुसरीकडून सुरू करणं खोटेपणाचं होईल. सुतार तुंबा घडवायचा, त्यात आरे ठोकायचा, भोवती पुठ्ठे जोडायचा, आणि मग लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर बसवायची. पाणी ओतलं की धाव आक्रसते आणि सगळं चाक आवळून धरते. लहानपणी हा सोहळा ज्यांनी पाहिलाय ते विसरणार नाहीत. पण या गाडीला अलाइनमेंटचा प्रश्न नव्हता. दोन चाकं, एक आख. वळायचं तर बैल वळतात आणि त्यांच्यामागं अख्खी गाडी वळते. दोन चाकांनी दोन दिशांना बघायची सोयच नाही.

प्रश्न सुरू झाला चार चाकांपासून. युरोपातल्या घोडागाड्यांना पुढचा आख मधोमध एका खुंटीवर फिरता असे. वळण तीव्र झालं की आख आडवा व्हायचा आणि गाडी कलंडायची. म्युनिकच्या लँकेन्सपर्गर नावाच्या गाडीकारानं यावर तोड काढली: आख जागेवरच ठेवायचा, त्याच्या दोन्ही टोकांना चाकं स्वतंत्र खिळींवर फिरवायची आणि दोघांना दांड्यांनी जोडायचं. लंडनमध्ये त्याचा एजंट रुडॉल्फ अ‍ॅकरमन यानं १८१८ मध्ये याचं पेटंट घेतलं, म्हणून जगभर ही रचना अ‍ॅकरमनच्या नावानं ओळखली जाते. डोकं एकाचं, नाव दुसऱ्याचं. विद्यापीठातही असं होतं, पण तो आजचा विषय नाही. (हशा)

या सोयीची किंमत लक्षात घ्या. आता प्रत्येक चाकाला स्वतःची खिळ आली आणि स्वतःचं बघणं आलं. दोघांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे फक्त मधली दांडी आणि तिचे सांधे. दांडी थोडी लांब-आखूड झाली, सांधा झिजला, की दोन चाकं वेगळ्या दिशांना बघू लागतात. तुमचा ‘टाय रॉड’ आणि तुमचा ‘किंग पिन’, दोघांचं कूळ हे आहे.

दुसरी गोष्ट रबराची. डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं. लोखंडी धाव वाकड्या चाकावरही वर्षानुवर्षं मुकाट चालायची. रबर तसं नाही. चाक किती वाकडं चाललं, कुठल्या बाजूनं घासलं, हवा कमी होती की जास्त, सगळं ते स्वतःच्या अंगावर लिहून ठेवतं. इतिहासाच्या अभ्यासकाला असं साधन मिळालं तर तो डोक्यावर घेऊन नाचेल. आपण मात्र टायरवाल्याला म्हणतो, “बदलून टाक.”

आता आपल्या तालुक्यात येऊ. इथून जवळ सातारा रोडला, म्हणजे पाडळीला, धनजीशा कूपरांचा कारखाना होता. लोखंडी नांगर तिथं व्हायचे. हे तेच सर धनजीशा कूपर, जे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. तिकडं सांगलीकडं किर्लोस्करवाडी १९१० पासून उभी होती. ओतकाम, लेथ, मापं घेणं हे या पट्ट्यातल्या हातांना मोटारी येण्याच्या आधीपासून माहीत होतं, ते यामुळं. कूपरांचा कारखाना पुढं वालचंद समूहाकडं गेला. आणि याच सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि नंतर प्रीमियर पद्मिनी बाहेर पडल्या. तेव्हा आपल्याकडं ‘जुनी गाडी’ म्हटलं की डोळ्यांपुढं हीच फियाट येते, त्यात थोडी आपुलकीही आहे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपल्या. खाजगी गाड्या आहेत अजून इकडंतिकडं.

त्या काळात नवी मोटार म्हणजे वर्षानुवर्षं नंबर लावून बसणं. म्हणून मास्तर, डॉक्टर, व्यापारी दुसऱ्या-तिसऱ्या हातची गाडी घ्यायचे. टायर महाग. गुळगुळीत झालं तरी रिट्रेड करून वापरायचं. अशा वेळी टायर अर्धवट खाल्लं जाणं ही घरच्या हिशेबातली मोठी खिंडार होती.

तर ‘सरळ’ म्हणजे काय? मी वर्गात हा प्रश्न विचारला असता तर सगळ्यांनी ‘समांतर’ म्हटलं असतं. फियाटचं पुस्तक तसं म्हणत नाही. मागच्या चाकांना ताकद असलेल्या त्या जुन्या गाड्यांत पुढची दोन चाकं उभ्या गाडीत जराशी आत बघणारी ठेवायची असतात, त्याला ‘टो-इन’ म्हणतात. गाडी पळू लागली की रस्ता पुढच्या चाकांना मागं रेटतो, सांध्यांतली ढिलाई उघडते आणि चाकं बाहेर फाकतात. आधी आत ठेवलेली चाकं पळताना समांतर होतात. म्हणजे उभ्या गाडीतला वाकडेपणा हाच पळत्या गाडीतला सरळपणा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्यात ताकद पुढच्या चाकांना. ती चाकं स्वतःच गाडीला ओढतात आणि ओढताना आत वळू बघतात. तिला फियाटच्या सवयीनं टो-इन दिलं तर टायर खाणारच. रेडियल टायर आली तेव्हाही असंच झालं. जुन्या नायलॉन क्रॉसप्लायपेक्षा तिला रस्त्याचा विरोध कमी, म्हणून टो-इनही थोडं कमी लागतं. जुन्या गाडीला रेडियल बसवून जुनंच माप ठेवणं ही चूक.

चूक किती महागात पडते? एक हिशेब सांगतो. चौदा इंची चाकाची रिम कडेपासून कडेपर्यंत सुमारे ३८ सेंटीमीटर. तेवढ्या लांबीत एक चाक ३ मिलिमीटर जास्त वळलेलं असेल, तर दर किलोमीटरला ते टायर सुमारे ८ मीटर आडवं घासत जातं. कोरेगाव ते सातारा वीसेक किलोमीटर धरा. साताऱ्याला पोचेपर्यंत तुमचं टायर दीडशे मीटर आडवं फरफटलं. परत यायचं वेगळं.

आता मी माझ्या शास्त्राकडं वळतो, तेवढी सूट द्या. न्यायदर्शनात एक जुना वाद आहे. नदीला पूर आलेला पाहून आपण वर पाऊस झाला असं अनुमान करतो, म्हणजे कार्यावरून कारण. विरोधक विचारतो: कुणी नदी पुढं अडवली असेल तर? तेव्हाही पाणी चढतंच. मग तुमचं अनुमान प्रमाण कसं? नैयायिकाचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, आम्ही नुसत्या चढलेल्या पाण्यावरून अनुमान करत नाही. ओढ जोराची आहे, फेस आहे, पानं-फळं-लाकडं वाहून येताहेत, असा विशिष्ट पूर पाहून करतो. आपल्या तीळगंगेच्या काठावर राहणाऱ्याला हा फरक समजवावा लागत नाही.

टायरचं अगदी तसंच. “टायर खाल्लं” हे चढलेलं पाणी झालं. कसं खाल्लं ते बघायचं. दोन्ही कडा गेल्या, मध्य शाबूत: हवा कमी. मध्य गेला: हवा जास्त. एकच कड गुळगुळीत झाली: चाक उभ्यात कललंय, म्हणजे कॅम्बर बिघडला. जागोजागी वाटीसारखे खड्डे: शॉकअ‍ॅब्सॉर्बर, बॅलन्सिंग किंवा ढिला सांधा. आणि नक्षीच्या कडा करवतीसारख्या झाल्या असतील तर टो. इथं डोळ्यापेक्षा हात शहाणा. तळवा टायरवरून आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना बोचरं लागलं, तर टो-इन जास्त. उलट लागलं तर चाकं बाहेर बघताहेत.

हे सगळं मला आधी माहीत होतं असं समजू नका. ऐंशीच्या दशकात माझ्याकडं अशीच तिसऱ्या हातची फियाट होती. डावं पुढचं टायर आतून खात होतं. एका गॅरेजात अलाइनमेंट केलं, काही महिन्यांनी पुन्हा केलं. दोन्ही वेळा उत्तर एकच: “सर, रस्ते कुठं धड आहेत?” मला ते पटलं. रस्त्याला शिव्या घालणं सगळ्यांनाच पटतं. मग एकदा बायको-मुलांसह पुसेगावकडं जाताना वर्धनगडाच्या घाटात ते टायर फुटलं. चढ होता, वेग नव्हता, म्हणून मी आज इथं उभा आहे. येताना उतारावर फुटलं असतं तर काय, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही. टायर काढलं तर आतल्या कडेला दोरे उघडे पडलेले. बाहेरून नक्षी ठणठणीत.

गावातल्या एका वयस्क मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “उजवं टायर कसंय?” उजवं चांगलं होतं. “मग रस्ता फक्त डावीकडूनच खराब आहे काय, सर?” माझी पीएच.डी. तिथंच जमिनीवर आली. (हशा) त्यांनी चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. खटखट वाजलं. मग मला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. हे का, तर ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर किंग पिनचा. राहिला. पिनचे बुश झिजले होते, गाडीच्या वजनानं चाक वरून आत कलत होतं. अशा चाकाचं उभ्या गाडीत कितीही बारीक माप घ्या, ते माप गाडी हलेपर्यंतच खरं.

बुश झिजले कशानं? ग्रीसचं निपल मातीनं बुजलं होतं. ते कुणी बघायचं? गाडीच्या मालकानं. मी गाडी धूत होतो, पुसत होतो, ग्रीस कधी मारलं नव्हतं. गॅरेजवाल्यानं चाक उचलून बघायला हवं होतं हे खरंच. पण कारणांची साखळी तिथं संपत नव्हती, माझ्या दारात येऊन संपत होती.

त्यांनी नवे पितळी बुश बसवले, रीमर फिरवून पिन हाताच्या जोरानं फिरेल इतपत केले. टाय रॉडचे सांधे, बेअरिंग, हवा, सगळं तपासलं आणि मगच अलाइनमेंट. त्यांची पद्धत सांगतो, ती या इतिहासातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट आहे. सपाट जागी गाडी थोडी पुढं ढकलून सांधे बसू द्यायचे. दोन्ही चाकांच्या पुढच्या बाजूला, आखाच्या उंचीवर, खडूनं खूण करायची आणि खुणांमधलं अंतर घ्यायचं. मग गाडी ढकलायची, चाकं अर्धा फेरा फिरून त्याच खुणा मागं आल्या की पुन्हा तेच अंतर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टो. रिम थोडी वाकडी असली तरी खूण तीच असल्यामुळं तिचा दोष दोन्ही मापांत सारखा येतो आणि वजाबाकीत जातो. खडू आणि काठी, एवढंच साहित्य.

आजची कॉम्प्युटरची मशिनं मला नावडती नाहीत. चारही चाकं एकाच वेळी मापतात, मागचा आख तिरका बसलाय का तेही सांगतात; हे काठीला अवघड. पण पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा आला की समोरच्याची शंका संपते, आणि जुन्या गाडीत शंका संपता कामा नये. ज्या सांध्यात खटखट आहे त्याचा दशांशाशी काय संबंध? म्हणून अलाइनमेंटला गेलात तर पैसे ठरवायच्या आधी विचारा, “चाक उचलून प्ले बघणार का?” नाही म्हणाले तर गाडी वळवा.

बाहेर पार्किंगमध्ये तीन-चार जुन्या गाड्या दिसल्या, एक उसाची रबरी टायरची बैलगाडीही उभी आहे. तिचं डावं टायर आतून गेलंय. तिला टाय रॉड नाही की किंग पिन नाही, मग कशानं गेलं असेल? माझा संशय वाकलेल्या आखावर आहे, पण गाडीवान दादा इथं असतील तर त्यांनीच सांगावं. प्रश्न तिथूनच सुरू करू.