लिनक्सवरील स्क्रीन शेअरिंग आणि रेकॉर्डिंग : एक संक्षिप्त इतिहास

मी वाराणसीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. 2020 च्या टाळेबंदीतल्या पहिल्याच ऑनलाइन तासाला माझा आवाज मुलांपर्यंत पोहोचत होता, पण स्क्रीनच्या जागी त्यांना नुसता काळा चौकोन दिसत होता. तो तास मी तोंडीच घेतला. लॅपटॉप बिघडला असे मला वाटले, पण बिघाड कुठेच नव्हता. हे का घडले ते या टिपणात पाहू.

1. एक्सचा काळ

लिनक्स डेस्कटॉपवर खिडक्या दाखवण्याचे काम अनेक वर्षे एक्स विंडो सिस्टिम करत असे. तिची सुरुवात 1984 मध्ये एमआयटीत झाली आणि 1987 मध्ये एक्स11 ही आवृत्ती आली. तिच्या रचनेत कोणताही प्रोग्राम सर्व्हरकडून संपूर्ण स्क्रीनचे चित्र मागून घेऊ शकतो. त्यामुळे रेकॉर्डिंगची साधने तयार करणे सोपे होते.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाला याचा चांगला उपयोग झाला. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात स्क्रीन रेकॉर्ड करून सुमारे दहा मिनिटांचे पाठ बनवले जातात. लिनक्सवर त्यासाठी रेकॉर्डमायडेस्कटॉप हे मुक्त साधन वापरले गेले. चित्र तेच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत देता आले.

पण हाच मोकळेपणा धोक्याचाही होता. एखादा प्रोग्राम तुमच्या नकळत बँकेचे पान पाहू शकत होता, तुम्ही टाइप केलेला पासवर्डही टिपू शकत होता.

2. वेलँड

2008 मध्ये क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी वेलँडचे काम सुरू केले. वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्रामला फक्त स्वतःची खिडकी दिसते. संपूर्ण चित्र केवळ कंपोझिटरकडे असते. साहजिकच जुन्या पद्धतीने स्क्रीन मागणाऱ्या साधनांच्या हाती काळा चौकोन येऊ लागला. उबंटूने 2017 मध्ये 17.10 या आवृत्तीत वेलँड डीफॉल्ट केले, पण 18.04 मध्ये पुन्हा एक्सकडे परतणे पसंत केले. स्क्रीन शेअरिंग नीट चालावे, हे त्यामागचे एक कारण होते. 2021 मध्ये 21.04 पासून वेलँड पुन्हा डीफॉल्ट झाले.

3. पोर्टल आणि पाइपवायर

मधल्या काळात दोन घटक तयार झाले. पोर्टल वापरकर्त्याला विचारते : कोणती स्क्रीन किंवा कोणती खिडकी दाखवायची? परवानगी मिळाली की विम टेमन्स यांनी विकसित केलेले पाइपवायर चित्रांचा प्रवाह त्या प्रोग्रामपर्यंत पोहोचवते. 2021 मध्ये ओबीएस स्टुडिओ 27 मध्येही ही सोय आली.

म्हणजे मधली काही वर्षे आपली गैरसोय झाली, पण स्क्रीन कोणाला दाखवायची हा निर्णय वापरकर्त्याच्या हाती आला.

प्रयोगशाळेत करून पाहा

काळा चौकोन दिसल्यास क्रमाने तपासा : (अ) सेशन एक्स11 चे आहे की वेलँडचे, (आ) पाइपवायर आणि आपल्या डेस्कटॉपसाठीचे पोर्टल चालू आहे का, (इ) प्रोग्रामची आवृत्ती पोर्टल वापरू शकते का.

प्रश्न : एक्समध्ये रेकॉर्डिंग सोपे असण्याचे आणि ते असुरक्षित असण्याचे कारण एकच का आहे, ते स्पष्ट करा.