गोठणबिंदू
गोठणबिंदू : ठराविक दाबाखाली ज्या तापमानाला द्रवाचे घनात रूपांतर होते, ते तापमान. शुद्ध पदार्थाचा गोठणबिंदू व वितळबिंदू एकच असतो. संपूर्ण द्रव गोठेपर्यंत तापमान स्थिर राहते, कारण या काळात सुप्त उष्णता बाहेर पडते. पाण्याच्या बाबतीत ती दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी असते. एक वातावरण दाबाला पाणी ०° से., पारा –३८.८° से., शुद्ध ॲसिटिक अम्ल १६.६° से. व गॅलियम २९.८° से. तापमानाला गोठते.

उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५° से.च्या वर चढते, तर हिवाळ्यातील रात्री ते १५° से.च्या खाली उतरते. त्यामुळे येथे गॅलियम उन्हाळ्यात द्रव व थंडीत घन असते; शुद्ध ॲसिटिक अम्ल थंडीत बाटलीतच गोठू शकते. खोबरेल तेल हे मिश्रण असल्याने एका निश्चित तापमानाला न गोठता हळूहळू थिजते.

उंच ढगांत पाण्याचे थेंब ०° से.खालीही द्रव राहतात (अतिशीतन). ते हिमकणांवर आदळून गोठतात व गारा बनतात. फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भात गहू, हरभरा व संत्र्याची हानी होते.