आशियाई महिला बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा

आशिया खंडातील महिला बुद्धिबळपटूंसाठी ही सर्वांत प्रतिष्ठेची वैयक्तिक स्पर्धा होय. तिचे आरंभीचे पर्व मराठी खेळाडूंनी गाजवले. १९८१ साली हैदराबाद येथे मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांनी १२ पैकी ११.५ गुण मिळवून, एकही डाव न गमावता अजिंक्यपद पटकावले. १९८३ मध्ये क्वालालंपूर येथे त्यांनी त्याची पुनरावृत्ती केली. पुढे अनुपमा गोखले (पूर्वाश्रमीच्या अभ्यंकर) यांनी १९८५ व १९८७ मध्ये, तर भाग्यश्री ठिपसे (पूर्वाश्रमीच्या साठे) यांनी १९९१ मध्ये हा मान मिळवला.

त्यानंतर स्पर्धेचे स्वरूप पालटले. चीन व व्हिएतनामच्या खेळाडूंनी मोठी झेप घेतली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर कझाकस्तान, उझबेकिस्तान यांसारखे बुद्धिबळाची जुनी परंपरा असलेले देशही आशियाई गटात आले. कोनेरू हंपी, तानिया सचदेव व द्रोणवल्ली हरिका यांनी भारताला विजेतेपदे मिळवून दिली. मराठी नावासाठी मात्र पंचवीस वर्षे वाट पाहावी लागली.

ती प्रतीक्षा २०१६ साली ताश्कंद येथे गोव्याच्या भक्ती कुलकर्णी यांनी संपवली. २०२३ मध्ये अल्माटी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख अजिंक्य ठरल्या. दोनच वर्षांनी त्यांनी बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताबही मिळवला. खंडीय विजेतेपद हे जागतिक यशाकडे नेणारी पायरी ठरू शकते, याचा हा ठळक दाखला होय.