शिकायला की मजा करायला? कॉलेजांचा थोडा इतिहास

मंडळी, या वीकएंडचा विषय घरातूनच आला. नागऱ्याची माझी मामेबहीण यंदा बारावी झाली. नागरा म्हणजे गोंदियाला लागूनच असलेलं, जुन्या शिवमंदिराचं गाव. तिच्यासमोर तीन पर्याय आहेत: गोंदियात अप-डाऊन, नागपूरला हॉस्टेल किंवा थेट पुणे. तिला अभ्यास चांगला हवाय आणि "थोडी लाईफ पण". मामाचा सवाल एकच, "शिकाले चालली का फिराले?"

आता मामाला जुनाट म्हणणं सोपं आहे. पण अभ्यास एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे, ही वाटणी त्याने केलेली नाही. तिची मुळं बरीच मागे जातात.

1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे विद्यापीठाचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदवी देणं. शिकवायचं कॉलेजांनी. नागपुरात 1883 मध्ये हिस्लॉप कॉलेज निघालं आणि 1885 मध्ये मॉरिस. दोन्ही आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली, नंतर अलाहाबादला. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळायला 1923 साल उजाडलं. म्हणजे बघा, शिकवणारा नागपुरात आणि पेपर काढणारा हजार किलोमीटर लांब कलकत्त्यात! अशा व्यवस्थेत कॉलेज म्हणजे लेक्चर, पाठांतर आणि निकाल, बाकी सगळा टाईमपास, असा समज झाला तर नवल नाही. मामा आजही त्याच हिशोबाने बोलतो, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे, ज्यांनी खरोखर गरीब मुलांसाठी कॉलेजं काढली, त्यांनी ही वाटणी मानलीच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. त्या काळात यापेक्षा मोठी 'सोशल लाईफ' कुठली असणार? पुढे 1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा व शिका' योजनेतून मुलं स्वतःच्या कष्टावर पदवीधर झाली.

डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा तिथले वर्ग सकाळी भरत. कारण साधं होतं. नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावं. नंतर 1950 मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) त्यांनी जे कॉलेज सुरू केलं, ते म्हणजे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी नागसेनवनाच्या परिसरातच वसतिगृहं उभी राहिली.

आणि या मिलिंदमध्ये गॅदरिंगही व्हायचं बरं का. 1955 मध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं 'युगयात्रा' हे नाटक तिथे विद्यार्थ्यांनी केलं. पुढच्या वर्षी नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळीही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना या नाटकाचं नाव आवर्जून घेतलं जातं. मुलांनी तालमी केल्या, त्या वेळात कोणाचा तरी एखादा चॅप्टर राहिला असेल. पण शतकानुशतकं ज्यांना बोलू दिलं नाही, ती मुलं स्टेजवर उभी राहून बोलत होती. याला एक्स्ट्रा करिक्युलर म्हणायचं का? मी तर मेन सब्जेक्टच म्हणेन.

आमच्या इंजिनिअर जमातीतही उदाहरण आहे. पुण्याचं सीओईपी 1854 चं आणि त्याचा बोट क्लब 1928 चा. आठ जणांनी एका लयीत वल्हं मारायचं. आमच्याकडे नोकरी लागल्यावर हेच 'टीम बिल्डिंग' म्हणून रिसॉर्टवर नेऊन शिकवतात :)

असो. या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. कॉलेजचं 'लाईफ' म्हणजे खरं तर वेळ आणि जागा. सिद्धार्थने वेळ दिला, मिलिंदने राहायला जागा दिली, साताऱ्याने पोटाची सोय केली. अभ्यास आणि मैत्री दोन्ही त्यानंतर आलं.

हाच हिशोब गोंदियालाही लावावा. फारसं न शिकलेल्या मनोहरभाई पटेलांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली. कॉलेज घराजवळ असलं की ज्या मुलींना घरून बाहेर पाठवत नाहीत, त्यांनाही शिकता येतं, ही काही छोटी गोष्ट नाही. पण घराजवळचं कॉलेज तीनला संपलं आणि साडेतीनच्या बसने मुलगी घरी आली, तर तिला डिग्री मिळेल, कॉलेज मिळणार नाही. उलट पुण्याचं नाव मोठं, पण हॉस्टेल नाही, रूम दहा किलोमीटर लांब आणि रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये, तर तेही अप-डाऊनच झालं की! मोठ्या शहरात राहून एकटी पडलेली मुलं मी पाहिलीत.

म्हणून तुमच्या घरात कोणी यंदा कॉलेज निवडत असेल, तर प्लेसमेंटचा आकडा जरूर बघा, पण सोबत हेही विचारा. हॉस्टेल मुलींना पहिल्या वर्षापासून मिळतं का? लायब्ररी किती वाजता बंद होते? शिक्षक लेक्चरनंतर भेटतात का? गॅदरिंग मुलं उभं करतात की इव्हेंटवाला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुपारी चारनंतर तिथली मुलं कुठे असतात?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात छापलेलं नसतं. एकदा चारनंतर कॅम्पसवर स्वतः चक्कर मारून या.