बंब कुठे थांबवायचा?

फटाके आणि स्फोटके यांच्या आगीत अग्निशमन जवानाचा जीव कसा राखायचा, या विषयावर मराठीत सलग लेखन फार थोडे आहे. जे ज्ञान आहे ते परवान्यांच्या अटींत, चौकशी अहवालांत आणि जुन्या फायरमनच्या आठवणींत विखुरलेले आहे. म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येक वाचकाचे मनापासून स्वागत. मग तो नगरपरिषदेच्या केंद्रात नुकता रुजू झालेला जवान असो, रसायनशास्त्राचा विद्यार्थी असो, की दिवाळीपुरते फटाक्यांचे दुकान टाकणारा व्यापारी. आत शिरताना एक प्रश्न सोबत घ्यावा. वर्दी आल्यावर बंब कुठे थांबवायचा? या शास्त्राचा मोठा भाग त्या एका प्रश्नाभोवती उभा आहे.

नांदेड-लातूरकडच्या जवानाला जिनिंगमधला कापूस, कडब्याची गंज, बाजारपेठेतले दुकान अशा आगींची सवय असते. तिथे जवळ जाऊन पाणी मारले की आग हटते. दारूकामाची आग तशी नसते. फटाक्याच्या मिश्रणात इंधनासोबत नायट्रेट किंवा परक्लोरेट असते, म्हणजे जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या पोटातच असतो. हवा तोडून ही आग गुदमरत नाही. ॲल्युमिनियमची भुकटी पेटलेली असेल, तर पाण्याशी तिचा संयोग होऊन हायड्रोजन निघू शकतो. भिजलेले मिश्रण आतल्या आत तापून बऱ्याच वेळाने पुन्हा भडकते, त्यामुळे विझलेल्या ढिगात फावडे घालण्याची घाई अनेकदा आगीइतकीच घातक ठरते.

यातूनच या शास्त्रातला पहिला विवेक येतो: आग साठ्याजवळ आहे, की साठ्यात? स्फोटके नेणाऱ्या ट्रकचा टायर पेटला असेल, तर भरपूर पाणी मारून ती आग मालापर्यंत पोहोचू न देणे हे जवानाचे काम. मालच पेटला असेल, तर लढायचे नाही. माणसे हलवायची आणि स्वतःही मागे सरायचे. मोठ्या स्फोटाची शक्यता असलेल्या मालासाठी उत्तर अमेरिकेतली आपत्कालीन मार्गदर्शिका 1600 मीटर अंतर सांगते. गावात दीड किलोमीटर मोकळे करणे किती अवघड, हे कुणी सांगायला नको. पण निर्णयाची सुरुवात त्या आकड्यापासूनच करावी लागते.

आपल्याकडे हा धडा फार मोठ्या किमतीला मिळाला. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला दुपारी आग लागल्याचे दिसले. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1400 टन स्फोटके व दारूगोळा होता. जवान दोन तास पाणी मारत राहिले. धुरामुळे आगीचे मूळ सापडत नव्हते. जहाज तिथेच बुडवावे, समुद्रात ओढून न्यावे, की झुंजत राहावे, हे ठरवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, याचाच उलगडा होत नव्हता. दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. दरवर्षी 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. मला या घटनेत सर्वांत बोचते ते दोन तासांचे अधिकारशून्य थांबणे. आगीवर कोण लढणार, हे ठरलेले होते. माघारीचा हुकूम कोण देणार, हे ठरलेले नव्हते.

31 मे 2016 रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हाही मृतांत लष्करी अधिकाऱ्यांबरोबर तिथले अग्निशमन कर्मचारी होते. नेदरलँड्समधल्या एन्शेडे शहरात 13 मे 2000 रोजी फटाक्यांचे कोठार फुटून 23 माणसे गेली. त्यांत 4 अग्निशमन जवान होते. कागदावर सौम्य वर्गात नोंदवलेला माल प्रत्यक्षात कितीतरी जहाल निघाला. लेबलवर किती विसंबावे, हा प्रश्न तेव्हापासून जगभरच्या अभ्यासकांपुढे आहे.

मराठवाड्यात हा विषय परका नाही. लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातले तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. 29 ऑक्टोबर 2016 रोजी औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार जळाला आणि शंभरावर दुकाने खाक झाली. 2008 च्या स्फोटक नियमांनुसार अशा तात्पुरत्या दुकानांत किमान 3 मीटर अंतर हवे, ती समोरासमोर नसावीत आणि एका समूहात 50 हून अधिक नसावीत. विहिरीच्या सुरुंगासाठी जिलेटिनच्या कांड्या नेणारा ट्रॅक्टर आणि खडी क्रशरवरची स्फोटकांची खोली यांचाही विचार याच अभ्यासात करावा लागतो.

नांदेडच्या पाटबंधारे नगरात एप्रिल 2006 मध्ये एका घरात स्फोट होऊन 2 जण मृत्युमुखी पडले. सुरुवातीला फटाक्यांचे कारण सांगितले गेले, तपास यंत्रणांनी पुढे बॉम्बचा आरोप ठेवला आणि जानेवारी 2025 मध्ये नांदेडच्या न्यायालयाने हयात आरोपींना निर्दोष सोडले. आत काय होते, हा वाद इतकी वर्षे चालू शकतो. दारात पोहोचलेल्या जवानाला मात्र त्याच प्रश्नावर काही क्षणांत पाऊल टाकावे लागते, आणि म्हणून उत्तर माहीत नसेल तेव्हा सर्वांत वाईट शक्यता धरूनच त्याने उभे राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे उत्तर त्याला आधीच देऊन ठेवणे मात्र आपल्या हातात आहे. ज्यांच्याकडे फटाक्यांचा किंवा स्फोटकांचा परवाना आहे, त्यांनी आपल्या साठ्याचा प्रकार, वजन आणि जागेचा नकाशा दिवाळीची वाट न पाहता जवळच्या अग्निशमन केंद्रात नेऊन द्यावा. आणि केंद्रप्रमुखांनी तो बंबावर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला दाखवावा.