पोटॅशियमची औषधे : भद्रावती परिसरातील वापर

पोटॅशियमची औषधे : रक्तातील पोटॅशियम घटल्यावर ते भरून काढण्यासाठी तोंडाने घ्यायचे क्षार, मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड. रक्तात लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल एवढे पोटॅशियम असावे लागते. स्नायूंची ताकद आणि हृदयाची लय त्यावर चालते. कमतरता वाईटच, अतिरेक मात्र पुष्कळदा कसलीही चाहूल न देता हृदयाची लय बिघडवतो.

भद्रावतीत (जि. चंद्रपूर) मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. कोळसा खाणीतली पाळी करून किंवा रानातून तेंदूपाने तोडून आलेल्या माणसाच्या पायात गोळे येतात, अंग गळून जाते. अशा वेळी ‘पोटॅशियम कमी झाले’ असे समजून सिरप आणणे चूक आहे. घामातून सोडियम पुष्कळ जाते, पोटॅशियम थोडे. उन्हातून आलेल्याला आधी सावली, पाणी आणि मीठ हवे. पोटॅशियम खरे घटते ते जुलाब-उलट्यांनी आणि फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड अशा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी.

जुलाबावर जलसंजीवनी पुरते. तिच्या पुडीत १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते आणि ती एक लिटर पाण्यात विरघळवायची असते. सर्रास मिळणाऱ्या सिरपच्या १५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे तीन लहान चमच्यांत, तेवढाच क्षार असतो. जो क्षार लिटरभर पाण्यात पसरायचा तो तीन चमच्यांत एकवटलेला आहे, हे ध्यानात घेतले की पुढचे नियम आपोआप उमगतात. सिरप कधीही नुसते पिऊ नये. जेवणानंतर, निदान अर्धा पेला पाण्यात मिसळून, घोट घोट घ्यावे. मात्रा औषधाच्या मापानेच मोजावी. घरातले चमचे लहानमोठे असतात. सावकाश विरघळणारी गोळी चावू वा कुटू नये, पेलाभर पाण्याबरोबर बसून गिळावी आणि लगेच आडवे होऊ नये. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. एखादी मात्रा चुकली म्हणून पुढची दुप्पट घेऊ नये. पोटॅशियमचे इंजेक्शन पातळ करून, रुग्णालयात, सावकाश सलाइनमधूनच द्यायचे असते.

शेतकऱ्याच्या ओळखीचे म्युरेट ऑफ पोटॅश हे खतही पोटॅशियम क्लोराइडच आहे. पण ते औषधाच्या शुद्धतेचे नसते, आणि पोटात घ्यायचे तर नसतेच.

जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. म्हणून मूत्रपिंडाचा जुना विकार, दीर्घकाळचा मधुमेह, तसेच एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर हे औषध मनाने घेणे धोक्याचे. चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते : सिकलसेल. या आजारात मूत्रपिंडांना हळूहळू इजा पोहोचते आणि पोटॅशियम बाहेर टाकण्याची त्यांची क्षमता घटू शकते. त्यातच दुखण्याच्या झटक्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतले की पोटॅशियम आणखी साचते. सिकलसेलच्या रुग्णाने आपला आजार डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यालाही आधी सांगावा.

औषध सुरू करण्यापूर्वी आणि चालू असताना रक्तातील पोटॅशियम व क्रिएटिनीन तपासून घ्यावे. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. अनपेक्षित आकडा आला तर तपासणी पुन्हा करावी. मात्रा देऊनही पातळी वर येत नसेल तर मॅग्नेशियमची कमतरता शोधावी लागते.

मूत्रपिंडे धड असणाऱ्याला रोजचे पोटॅशियम तुरीचे वरण, पालेभाज्या, बटाटा, केळी यांतून मिळते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बरेचदा पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते. वर सांगितलेल्या रुग्णांनी तेही टाळावे.

औषध चालू असताना हातापायांतले बळ जाणे, नाडी मंद किंवा अनियमित होणे, भोवळ येणे, काळी शौच किंवा पोटात तीव्र कळ, यांपैकी काहीही झाले तर पुढची मात्रा थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. भद्रावतीहून चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे २५ किलोमीटरवर आहे. औषधाची बाटली सोबत न्यावी आणि ईसीजी काढण्यासाठी रक्ताच्या अहवालाची वाट पाहू नये.