एकाच मतदारयादीत आम्ही : बुलडाणा, 1962

आम्हा मराठी मुसलमानांचा राजकीय इतिहास लिहिला जातो तो फाळणीभोवती. गावच्या मतपेटीकडे सहसा कुणी वळत नाही. बुलडाणा जिल्ह्यातील मुसलमानांसाठी मात्र 1962 ची जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक ही मोठी घटना होती, असे आम्हाला वाटते.

1909 च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. 1937 च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या 112 जागांपैकी 14 मुस्लिम जागा होत्या. उमेदवार मुसलमान, मतदारही मुसलमान. पण मताचा हक्क मालमत्ता, कर वा शिक्षण यांवर अवलंबून होता. विणकर, शेतमजूर, बागवान यांच्यापैकी बहुतेकांना मतच नव्हते. ‘आमचा’ प्रतिनिधी आमच्यातल्या थोड्यांनी निवडलेला असे.

घटना समितीने ऑगस्ट 1947 मध्ये स्वतंत्र मतदारसंघ नाकारले आणि मे 1949 मध्ये मुसलमानांच्या राखीव जागाही सोडल्या. बेगम ऐजाज रसूल यांनी स्वतः राखीव जागांना विरोध केला. मद्रासचे पोकर साहेब स्वतंत्र मतदारसंघांसाठी झगडले. विखुरलेल्या अल्पसंख्याकांचा आवाज बुडेल, ही पोकर साहेबांची भीती अनाठायी नव्हती.

बुलडाणा जिल्हा 1956 मध्ये मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1962 मध्ये जनपद सभांच्या जागी जिल्हा परिषद आली. प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी तिच्या हाती गेल्या. आमच्या उर्दू शाळेचा शिक्षक आणि तिची खोलीसुद्धा!

आता मोहल्ल्याच्या मतांवर निवडून येणे बहुतेक ठिकाणी अशक्य होते. आमच्या उमेदवाराला मराठा, माळी, बौद्ध वस्तीत जाऊन मत मागणे भाग होते. त्यांच्या उमेदवाराला मोहल्ल्यात येणे भाग होते. मागणी वऱ्हाडी बोलीतच मांडायची होती. यात आमच्या जागा कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शेतमजुराच्या आणि त्याच्या बीबीच्या मताला जमीनदाराच्या मताइतकेच मोल आले, हेही तितकेच खरे.

त्या निवडणुकीत मत दिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. मलकापूर, खामगाव, मेहकरच्या आमच्या तरुणांनी त्यांच्याजवळ बसून ऐकावे, लिहून ठेवावे. आमचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, ही तक्रार करण्यापूर्वी एवढे काम आमचे आहे.